विद्युत् मोटारगाडी उद्योग, भारतातील

संचायक घटमालेत, म्हणजे रूढ भाषेत बॅटरीत, साठविलेल्या ऊर्जेवर चालणाऱ्या मोटारगाड्या तयार करण्याचा उद्योग. विद्युत् चलित्रावर चालणारी गाडी ही कल्पना नवी नाही. १९०० च्या सुमारास अमेरिकेतील मोटारगाड्यांपैकी सु. एक-तृतीयांश गाड्या विजेवर चालत. स्वस्त पेट्रोल, फोर्डची मॉडेल टी (१९०८) व हाताने दांडा फिरविण्याची यातायात संपविणारा विद्युत् प्रारंभक (१९१२) यांमुळे अंतर्ज्वलन-एंजिनाची सरशी झाली. चलित्र तेव्हाही उत्तम होते. घटमाला जड होती आणि एका भारणात गाडी फार दूर जात नसे. भारतातील प्रयत्नांना शंभर वर्षांनंतर पुन्हा याच अडचणीशी झगडावे लागले.

महिंद्र समूहाने १९९९ मध्ये ‘बिजली’ ही विजेवरील तीनचाकी गाडी आणली. २००१ मध्ये बंगलोरच्या मैनी समूहाची ‘रेवा’ ही दोन दारांची छोटी मोटार विक्रीस आली. तिच्यात शिसे-अम्ल घटमाला असून एका भारणात ती सु. ८० किमी. जाई. नागपूरच्या वायव्येस सु. ६० किमी.वर काटोल हे तालुक्याचे गाव आहे. नागपूरहून काटोलला जाऊन त्याच दिवशी परत यावयाचे, तर या गाडीला काटोलात काही तास भारणासाठी, म्हणजेच चार्जिंगसाठी, थांबावे लागले असते. शहराच्या वेशीबाहेर तिचा फारसा उपयोग का नव्हता, हे एवढ्या उदाहरणावरून कळते. २०१० मध्ये महिंद्रने या कंपनीचे बहुसंख्य भाग घेतले. २०१३ मध्ये निघालेल्या ‘ई-टू-ओ’ या गाडीत लिथियम-आयन घट बसविण्यात आले आणि पल्ला सु. १०० किमी. झाला.

याच वर्षी केंद्र शासनाने राष्ट्रीय विद्युत् गतिशीलता योजना जाहीर केली. २०२० पर्यंत साठ ते सत्तर लाख विद्युत् व संकरित वाहने रस्त्यांवर आणण्याचे तिचे लक्ष्य होते, ते गाठता आले नाही. त्यानंतर अनुदानाची ‘फेम’ योजना (२०१५) व तिचा दुसरा टप्पा (२०१९–२४) आला.

या स्थित्यंतराची खरी कसोटी नागपुरात लागली. २६ मे २०१७ रोजी ‘ओला’ या टॅक्सी-सेवेने सु. २०० विद्युत् वाहनांचा ताफा तेथे सुरू केला. त्यात महिंद्रच्या १०० ‘ई-टू-ओ प्लस’ मोटारी होत्या. शहरात चार ठिकाणी मिळून पन्नासांहून अधिक भारण-बिंदू उभारण्यात आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंडियन ऑइलच्या नागपुरातील पेट्रोल पंपावरही भारण-केंद्र निघाले. काही महिन्यांतच मर्यादा उघड झाल्या. पेट्रोल भरण्यास पाच मिनिटे पुरतात. येथे भारणासाठी तासन्‌तास जात आणि त्याआधी रांगेत थांबावे लागे ते वेगळेच. दिवसाच्या फेऱ्यांवर पोट असलेल्या चालकाला हा वेळ परवडणारा नव्हता. नागपूरचा उन्हाळा ४५° से.पर्यंत जातो, वातानुकूलन चालू ठेवले की पल्ला घटतो, बंद ठेवले की प्रवासी कुरकुरतात. वाहतुकीची कोंडी होऊ लागल्याने रहिवाशांनी विरोध केला व एक केंद्र बंद करावे लागले. अनेक चालकांनी डीझेल गाडीकडे परतण्याची इच्छा व्यक्त केली. या प्रयोगास फसलेला म्हणण्याची प्रथा आहे. तथापि गाडी, भारण-केंद्र व चालकाची मिळकत यांचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो, ही गोष्ट देशात प्रथम येथेच ठळकपणे दिसली.

जानेवारी २०२० मध्ये टाटा मोटर्सने ‘नेक्सॉन’ ही पेट्रोल-डीझेलवर चालणारी गाडीच विद्युत् रूपात आणली. रांजणगाव (जि. पुणे) येथे तयार होणाऱ्या या गाडीची घटमाला ३०·२ किवॉ. तास क्षमतेची व प्रमाणित पल्ला ३१२ किमी. होता, रस्त्यावर तो याहून कमी भरतो. अनुदानाचा दुसरा टप्पा मोटारींच्या बाबतीत व्यावसायिक वाहनांपुरता होता. तरीही हिचे ग्राहक प्रामुख्याने खाजगी होते. त्यांना सार्वजनिक केंद्राची रोजची गरज नव्हती. गाडी रात्री स्वतःच्या दारात लावली की सकाळी घटमाला भरलेली असे. या दृष्टीने पाहता अंगण व स्वतंत्र वीजजोडणी असलेले काटोलमधील घर हे महानगरातील बहुमजली इमारतीपेक्षा विद्युत् गाडीस अधिक सोयीचे ठरते, ही बाब धोरणकर्त्यांकडून काहीशी दुर्लक्षिली गेली. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूत्रांत शहरांत दर ३ किमी. × ३ किमी. क्षेत्रात, तर महामार्गांवर दर २५ किमी.वर भारण-केंद्र असावे असे म्हटले होते. तालुक्याच्या गावांचा वेगळा विचार त्यांत नव्हता. महाराष्ट्राने २०१८ व २०२१ मध्ये स्वतःची धोरणे आखली. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्रने मुळातच विद्युत् गाड्या म्हणून आखलेली दोन प्रतिमाने सादर केली. त्यांचे उत्पादन चाकण येथे होते.

गाडी देशी झाली, घट मात्र बव्हंशी आयात राहिले. घटनिर्मितीसाठी केंद्राने २०२१ मध्ये १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली, पण अपेक्षित गतीने उत्पादन सुरू झाले नाही. दट्ट्या, झडपा, दंतचक्रे यांवर जगणाऱ्या पिंपरी-चिंचवड व छत्रपती संभाजीनगर परिसरांतील लघुउद्योगांना विद्युत् चलित्राने चिंतेत टाकले आहे, कारण त्याला यांपैकी बहुतेक भाग लागतच नाहीत. विजेचा उगमही विचारात घ्यावा लागतो. नागपूरजवळील कोराडी व खापरखेडा ही केंद्रे कोळशावर चालतात. तेथील विजेवर धावणारी गाडी शहरातील धूर कमी करते, पण धुराडे दुसरीकडे पेटलेले असते.

मालवाहतुकीत हा बदल उशिरा सुरू झाला. टाटांची ‘एस’ ही छोटी मालमोटार २०२२ मध्ये विद्युत् रूपात आली. १ टन भार वाहणाऱ्या तिच्या २०२४ मधील प्रतिमानाचा प्रमाणित पल्ला १६१ किमी. आहे. काटोलची संत्री आंबिया व मृग अशा दोन्ही बहारांत नागपूरच्या कळमना बाजारात जातात. जाऊन-येऊन हे अंतर १२० किमी.च्या पुढे भरते. कागदावर ते पल्ल्यात बसते. मात्र भरलेल्या पेट्या, मृग बहाराच्या अखेरीचे ऊन आणि लिलावासाठी बाजारात ताटकळण्याचा वेळ हिशेबात धरला, तर परतीचे भारण कळमन्यातच मिळाले पाहिजे.