देशीयकरण : अर्ज नामंजूर झाल्यानंतरचे उपाय
नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ६ अन्वये केलेला अर्ज, अर्जदार वाशी-नेरुळचा असल्यास ठाण्याच्या व खारघर-पनवेलचा असल्यास अलिबागच्या जिल्हाधिकारी कचेरीतून राज्य शासनामार्फत दिल्लीस जातो. तेथे तो नामंजूर झाल्यास कारणे देण्यास केंद्र शासन कलम १४ अन्वये बांधील नाही, आणि अर्जदारास हीच तरतूद सर्वांत जाचक ठरते. तथापि कलम १५-क अन्वये पुनर्विलोकनाचा अर्ज करता येतो. त्याची ३० दिवसांची मुदत हुकूम हाती पडल्यापासून नव्हे, तर हुकमावरील तारखेपासून मोजली जात असल्याने टपालात गेलेला प्रत्येक दिवस अर्जदाराच्या मुदतीतून वजा होतो. म्हणून विलंबाची माफी मागताना टपालाचा शिक्का असलेला लिफाफा जोडणे हिताचे. याउपर संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात दाद मागता येते.