कोर्लई क्रिस्ती : बोली व साक्षरता

कोर्लई क्रिस्ती : रायगड जिल्ह्याच्या मुरुड तालुक्यातील कोर्लई गावच्या कॅथलिक समाजाची पोर्तुगीजोद्भव बोली. बोलणारे तिला ‘नो लिंग’ (आपली भाषा) म्हणतात. भाषकसंख्या सुमारे एक हजार. बोलीस स्वतःची लेखनपरंपरा नाही. घरात एक भाषा आणि पुस्तकात दुसरी, अशी तिच्या भाषकांची स्थिती आहे.

पोर्तुगीजांनी चौल येथे १५२१ मध्ये किल्ल्याचे काम सुरू केले व १५९४ मध्ये कुंडलिकेच्या मुखावरील कोर्लईचा डोंगरी किल्ला निजामशाहीकडून जिंकला. पोर्तुगीज सैनिक, धर्मोपदेशक व धर्मांतरित स्थानिक लोक यांच्या व्यवहारातून ही बोली घडली. १७४० च्या तहाने चौल मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज गेले, परंतु ख्रिस्ती कुटुंबे राहिली. धर्माचे वेगळेपण आणि खाडीचा अडसर यांमुळे बोली टिकली, तरी व्याकरण मात्र मराठीच्या वळणावर गेले. क्रियापद वाक्याच्या शेवटी येऊ लागले व मराठीतून उचललेल्या धातूंसाठी उकारान्त असा एक स्वतंत्र गणच तयार झाला. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याचे सविस्तर विवेचन आहे.

चर्चमधील उपासना पूर्वी लॅटिनमध्ये होई व प्रार्थना पोर्तुगीजमध्ये म्हटल्या जात. अशा प्रार्थना तोंडपाठ असणे म्हणजे ती भाषा वाचता येणे नव्हे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासनेतही मराठी आली. शाळेची भाषा मराठीच होती.

हाँगकाँगच्या कँटनी भाषकाची स्थिती वरवर अशीच दिसते. त्याने शिकलेली प्रमाण लिखित चिनी उत्तरेकडील बोलींवर आधारलेली आहे. परंतु ती चिन्हे तो कँटनी उच्चारांनी वाचतो आणि खास कँटनी शब्दांसाठीही चिन्हे रूढ आहेत. कोर्लईच्या मुलास ही सोय नाही. मराठी धडा क्रिस्ती उच्चारांनी वाचता येत नाही. देवनागरीत क्रिस्ती लिहिणे फारसे अवघड नसावे. उणीव आहे ती वाचण्याजोग्या मजकुराची.

जनगणनेत सात वर्षांवरील व्यक्तीस कोणत्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता आल्यास ती साक्षर गणली जाते. त्यामुळे मराठी वाचणारा क्रिस्ती भाषक साक्षरच ठरतो. दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांची स्वतंत्र नोंद भाषाविषयक कोष्टकांत प्रसिद्ध होत नसल्याने त्याची मातृभाषा मात्र तेथे नावानिशी आढळत नाही.