इंग्रजीच्या परीक्षेतला इतिहास

एकोणिसाव्या शतकातल्या हायस्कुलांत इतिहास कसा शिकवला जायचा, हा विषय पीएचडीला घेऊ का, असं तुमच्यापैकी काहींनी विचारलं आहे. जरूर घ्या. फक्त मी केली ती चूक करू नका. मी पहिलं जवळजवळ अख्खं वर्ष जुनी क्रमिक पुस्तकं वाचण्यात घालवलं. कुठल्या पुस्तकात शिवाजी महाराजांवर किती पानं, मोगलांवर किती, याचे तक्ते केले. गाईडनी प्रकरण परत दिलं तेव्हा समासात एकच प्रश्न होता: मुलाला यातलं इंग्रजी किती कळत होतं?

तिथे माझी गाडी अडली, आणि खरं तर तिथूनच विषय सुरू झाला.

मुंबई इलाख्यातली रचना आठवा. मुलगा आधी मराठी शाळेत काही इयत्ता शिकायचा, मग 'इंग्रजी पहिली'त जायचा. इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. वरच्या इयत्तांत इतिहाससुद्धा इंग्रजीतूनच. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, पहिली मॅट्रिक १८५९ ची. तिला इंग्लंडचा आणि हिंदुस्थानचा इतिहास असायचा. आता गंमत बघा. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली इंग्रजीत आला आणि थोड्याच वर्षांत त्याचं 'मराठ्यांची बखर' हे मराठी भाषांतर झालं. म्हणजे तोच मजकूर मराठीत वाचायची सोय होती, पण मॅट्रिकला बसायचं तर तो इंग्रजीत मांडता यायला हवा. पानिपत का हरलो हे पोराला पक्कं माहीत असलं, तरी ते इंग्रजी वाक्यात बसवता आलं नाही की संपलं. अशा वेळी बहुतेक जण काय करणार? पाठांतर!

म्हणून म्हणते, पुस्तकाच्या आधी प्रश्नपत्रिका काढा. विद्यापीठाच्या जुन्या कॅलेंडरांत त्या छापलेल्या असतात. प्रश्न सनावळी मागतो की कारणं, हे दहा-वीस वर्षांचं ओळीने बघितलंत तर वर्गात कशावर जोर असणार याचा अंदाज येतो. शिक्षण खात्याचे वार्षिक अहवालही सोबत ठेवा. ते रटाळ आहेत, पण वाचावे लागतात.

पण एवढ्यावरून 'इंग्रजी शाळेने घोकंपट्टी शिकवली' असा निष्कर्ष काढायला धावू नका. जोतीराव फुले पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले. १८६९ मध्ये त्यांनी शिवाजी महाराजांवर पवाडा लिहिला. त्याच सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने या डेक्कन कॉलेजच्या तरुणाने ग्रँट डफच्या इतिहासावर सविस्तर टीका लिहिली. दोघंही इंग्रजी शिकलेले, दोघांनीही उत्तर मराठीत दिलं. पण एकाचा शिवाजी शूद्रांचा राजा, आणि दुसऱ्याचा झगडा साधनांशी, तपशिलांशी. एकच शिक्षणपद्धती दोन इतक्या वेगळ्या माणसांच्या हाती काय देते, हे क्रमिक पुस्तकांच्या तक्त्यात सापडत नाही. माझ्या तरी नाही सापडलं.

आठवणींचंही तसंच. इतिहासाचार्य राजवाड्यांनी आपल्या शाळांच्या अनुभवावर लिहिलं आहे. ते वाचाच, फार चुरचुरीत आहे. मात्र लिहिणारा राजवाडे वयाने मोठा, मतांनी पक्का आणि संतापलेला आहे, बाकावर बसलेला मुलगा नाही. आत्मचरित्र पुरावा आहे, पण दोन काळांचा एकदम.

बाकावरच्या मुलाच्या सगळ्यात जवळ मला एका जुन्या पुस्तकाने नेलं. रद्दीतून आणलेला इंग्रजी इतिहास. कुणीतरी प्रत्येक अवघड शब्दावर पेन्सिलीने बारीक मराठी अर्थ लिहिला होता. तिसऱ्या प्रकरणापर्यंत पान भरून, चौथ्यात पानाला दोन-चार, आणि पुढे काहीच नाही. सगळं समजायला लागलं, की त्याने नाद सोडला? पुस्तकावर नाव नाही, साल नाही. तुम्हाला असं पुस्तक मिळालं तर खाडाखोडीसकट प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. मी पहिली प्रत साफ करायच्या नादात दोन पानं खोडरबरने पुसली होती.