आजोबांच्या पाइपची तार

तर मंडळी, गेले तीन रविवार मी एक पाइप दुरुस्त करत बसलो होतो. पाइप म्हणजे नळाचा नव्हे, तंबाखू ओढायचा, लाकडी. "हे काय नवीन खूळ?" पासून "आता ओढायला लागणार की काय?" पर्यंत घरातले सगळे प्रश्न विचारून झालेत. तर नाही, ओढणार नाही. हॉस्टेलवर असताना एकदा सिगरेट ओढून बघितली होती, त्यानंतर जो काही खोकलो त्यातच ते व्यसन सुरू होऊन संपलं.

पाइप आजोबांचा. गावचं घर आवरताना आजीच्या ट्रंकेच्या तळाशी, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला सापडला. वाटी काजळीने अर्धी भरलेली. तोंडात धरायचा काळा तुकडा (मी त्याला चोच म्हणतो) शेवाळं चढल्यासारखा हिरवट-तपकिरी झालेला. वाटी आणि चोच यांच्यामधल्या लाकडी दांडीला उभी चीर, आणि त्या चिरेवर तांब्याची बारीक तार घट्ट गुंडाळलेली.

या पाइपच्या आमच्या घराण्यात दोन कथा आहेत. नातेवाइकांना त्या पाठ आहेत, इतरांसाठी सांगतो. पहिली अशी की १९४७ साली विलायतेला परत जाताना आजोबांच्या साहेबाने हा 'खास लंडनचा' पाइप त्यांना भेट दिला. ही लग्नकार्यात हमखास निघते. दुसरी निघत नाही. १९६८ साली आजोबांना घशाचा कॅन्सर निघाला, डॉक्टरांनी तंबाखू बंद करायला सांगितली आणि त्याच संध्याकाळी आजीने पाइप अंगणात भिरकावला. आजोबांनी तो उचलला, तार गुंडाळली, आणि माडीवर जाऊन चोरून ओढत राहिले. म्हणजे असं आजीचं म्हणणं. १९७१ मध्ये आजोबा गेले. "माझं ऐकलं असतं तर..." हे वाक्य आजी त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं म्हणत होती.

असो. आधी लाकडाविषयी. कारण पहिला प्रश्न मला तोच पडला होता, की ज्यात विस्तव ठेवायचा ती वस्तू लाकडाची कशी?

युरोपात आधी पाइप असत ते पांढऱ्या मातीचे. स्वस्त, पण हातातून पडला की संपला. श्रीमंतांसाठी मीरशॉम नावाच्या मऊ पांढऱ्या खनिजाचे कोरीव पाइप. लाकडाचेही करून बघत, पण साधं लाकूड हळूहळू जळतं. उत्तर सापडलं ते १८५० च्या दशकात, फ्रान्सच्या जुरा डोंगरातल्या सें-क्लोद या गावात. तिथे कातारी लोकांची जुनी वस्ती. यात्रेकरूंसाठी जपमाळा आणि लाकडी वस्तू कातणं हा त्यांचा पिढीजात धंदा. त्यांच्या हाती ब्रायर आलं. फ्रेंचमध्ये ब्रूयेर, शास्त्रीय नाव एरिका आर्बोरिया. भूमध्य समुद्राच्या काठाने, कॉर्सिका, इटली, अल्जीरिया इथल्या खडकाळ उतारांवर वाढणारं हे झुडूप. त्याचं खोड कामाचं नाही. जमिनीखाली, खोड आणि मुळं यांच्यामध्ये जी गाठ वाढते ती कामाची. ती चांगली जाड व्हायला काही दशकं जातात. ती घट्ट असते, उष्णता सोसते आणि तिच्यात सिलिका असल्याने सहजी पेट घेत नाही. गाठ खणून काढायची, ठोकळे पाडायचे, ते तांब्याच्या मोठ्या हंड्यांत तासन्‌तास उकळून आतला कडवट रस काढून टाकायचा, मग महिनोन्‌महिने सावलीत वाळवायचे. घाई केली की ठोकळा तडकतो. (आमच्याकडे कैऱ्यांच्या फोडींची काळजी घेतात, साधारण तसंच!)

चोचीची गोष्ट वेगळी. ती एबोनाइटची, म्हणजे रबरात भरपूर गंधक घालून तापवून केलेल्या कडक रबराची. चार्ल्स गुडइयरचा भाऊ नेल्सन याने १८५१ मध्ये अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं. आपल्या फाउंटन पेनची निबेखालची जीभ याचीच असे. उन्हाने आणि हवेने त्यातलं गंधक वर येतं आणि काळ्याचं हिरवट होतं. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासला की पुन्हा काळं. घासताना वास मात्र असा सुटतो की बायकोने मला बाल्कनीत हाकललं.

आणि तंबाखू? ती तर आपल्या दख्खनमधूनच दिल्लीच्या वाटेला लागली. पोर्तुगीजांनी ती पश्चिम किनाऱ्यावर आणली. अकबराचा सरदार असद बेग विजापूरला गेला होता, त्याने तिथे ती पहिल्यांदा पाहिली आणि १६०४ च्या सुमारास रत्नजडित नळीसकट बादशहापुढे ठेवली. अकबराने दोन-चार झुरके घेतले तेव्हा हकिमाने हरकत घेतली. बादशहाने पुढे हात लावला नाही म्हणतात, पण दरबाऱ्यांनी लावला. १६१७ मध्ये जहांगीरने बंदी घातली, तिचा उपयोग काय झाला ते आपण पाहतोच आहोत. थोडक्यात, आमच्या आजीच्या आधी बादशहाही हरला होता.

आता दुरुस्ती. वाटीतला काजळीचा थर थोडा असला तर लाकडाचं रक्षण करतो, पण जाड झाला की तापल्यावर फुगून वाटीच फोडतो. तो बोथट सुरीने खरवडून काढला. दांडीची नळी स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने साफ केली. पंचवीस-तीस बोळे तरी काळे झाले. पन्नास वर्षांहून जुना तंबाखूचा वास खोलीभर पसरला. मी आजोबांना पाहिलेलं नाही. हा वास मात्र त्यांचा.

मग चीर. चीर भरायची तर आधी ती कुठवर गेलीय ते पाहायचं आणि तिच्या टोकाला सुईएवढं भोक पाडायचं, म्हणजे ती पुढे सरकत नाही. पत्र्याची चीर थांबवायला गॅरेजवाले हेच करतात. पण त्यासाठी तार सोडवणं भाग होतं. सोडवली.

तारेखाली शिक्का निघाला. 'ब्रूयेर गारांती'. म्हणजे फक्त 'अस्सल ब्रायरची हमी'. कुठल्या नामांकित घराण्याचं नाव नाही, लंडनचा उल्लेख नाही. फ्रान्सच्या बिननावाच्या, साध्या पाइपांवर सर्रास असणारा शिक्का. साहेबाची कथा डळमळीत झाली. (काका, क्षमस्व. साहेबाने साधा पाइप दिला असेलही, पण 'खास लंडनचा' हे आता म्हणू नका.)

मग भिंगातून चीर पाहिली आणि हात थांबला. चीर आरपार, थेट धुराच्या नळीपर्यंत गेलेली. पाइप ओढताना नळीत काळा, चिकट ओलावा जमतो आणि जिथे फट मिळेल तिथे झिरपतो. नळी आतून डांबरासारखी काळी होती. चीर मात्र आतून स्वच्छ, कोऱ्या लाकडाच्या रंगाची. तीनदा पाहिलं. सुताराला नेऊन दाखवलं, तोही म्हणाला, "फुटल्यावर यातून धूर गेलेला नाही."

म्हणजे आजोबांनी पाइप उचलला, तार गुंडाळली, आणि नंतर तो कधीच ओढला नाही.

हा पुरावा एवढ्या एका पाइपपुरताच, हे मला कळतं. माडीवर विडी ओढत नव्हते असं मी छातीठोक सांगू शकत नाही. तंबाखूनेच घात केला यातही शंका नाही. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध लंडनच्या डॉल आणि हिल यांनी १९५० मध्येच दाखवला होता, आणि पाइपमुळे ओठाचा कॅन्सर होतो हे अमेरिकन सरकारच्या १९६४ च्या अहवालात आलं होतं. आजी घाबरली ते बरोबरच होतं. फक्त ज्या माडीवरच्या पाइपचा राग तिने तीस वर्षं धरला, तो पाइप बंद होता.

मग ते माडीवर जाऊन काय करत? आत्याला फोन केला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "नुसता तोंडात धरून बसायचे रे. मी पाहिलंय. आईला सांगितलं तर म्हणाली, तू बापाची बाजू घेतेस."

चिरेत लाकडाचा भुसा भरून वर फेविक्विकचे थेंब सोडले, घासून सारखं केलं, वाटीला मेण लावलं. चोचीवर दातांच्या खुणा आहेत. एबोनाइट गरम केलं की अशा खुणा बऱ्याच अंशी वर येतात, पण त्या तशाच ठेवल्या. आणि तीच तांब्याची तार, तेवढेच वेढे मोजून, पुन्हा गुंडाळली. आता तिची गरज नाही, पण असू दे.

आत्या, दिवाळीला येशील तेव्हा पाइप तुझाच. फडकंही धुवून ठेवलंय.