चाकोच्या वाटेची रसद

न्यू मेक्सिकोत नोकरीनिमित्त स्थायिक झालेला माझा भाचा यंदा आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, घेऊन चाको कॅन्यनला मुक्कामास जाण्याच्या तयारीला लागला, तेव्हा त्याने आपली यादी मला दूरध्वनीवर वाचून दाखवली: पिण्याचे पाणी, डाळ-तांदूळ, पोहे, गॅसची टाकी, सरपण, जादा चाक, औषधे आणि शेवटी कागदी नकाशा. “मामा, तिथे काहीच मिळत नाही हो. पेट्रोल नाही, दुकान नाही, सरपणाची काडीसुद्धा उचलायला मनाई,” असे तो काहीशा तक्रारीच्या सुरात म्हणाला. त्याची तक्रार खरी होती. परंतु ती ऐकताना मला राहून राहून वाटत होते की, ह्या दरीत ज्याने म्हणून मुक्काम केला त्या प्रत्येकाने आपापल्या काळात हीच यादी केलेली आहे, आणि चाकोचा इतिहास हा पुष्कळ अंशी बाहेरून वाहून आणलेल्या रसदेचाच इतिहास आहे.

समुद्रसपाटीपासून सुमारे ६,२०० फूट उंचीच्या उजाड पठारात कोरली गेलेली ही दरी. वर्षाकाठी पाऊस आठ-नऊ इंच, उन्हाळ्यात अंग भाजणारे ऊन, हिवाळ्यात पाणी गोठविणारी थंडी, आणि मधोमध बहुतेक काळ कोरडा असणारा ओढा. अशा ठिकाणी आजच्या प्वेब्लो लोकांच्या पूर्वजांनी इ. स. ८५० च्या सुमारास दगडी महागृहे बांधावयास आरंभ केला आणि पुढली सुमारे तीनशे वर्षे ते काम चालविले. त्यांतील प्वेब्लो बोनितो हे अर्धचंद्राकृती महागृह सहाशेहून अधिक खोल्यांचे, मागील अंगास चार मजल्यांपर्यंत चढलेले. त्याची भिंत जवळून पाहावी: आतला गाभा ओबडधोबड दगड आणि मातीचा, परंतु दोन्ही दर्शनी अंगांना वालुकाश्माच्या पातळ चकत्या अशा एकावर एक बसविलेल्या, की सांध्यात बोटाचे नखही शिरू नये, आणि इतके नेटके काम करून झाल्यावर त्या गवंड्यांनी वरून मातीचा गिलावा देऊन ते झाकून टाकले. पाहणाऱ्याच्या प्रशंसेची अपेक्षा नसताना केलेले असे काम मला फार मोठे वाटते.

दगड दरीतलाच होता. लाकूड मात्र नव्हते. छपरांसाठी लागलेली दोन लाखांहून अधिक झाडे चुस्का आणि झुनी ह्या डोंगरांतून, म्हणजे पाऊणशे किलोमीटर वा त्याहूनही दूर अंतरावरून आणली गेली, आणि त्या काळी त्या मुलखात ना चाक होते, ना ओझ्याचे जनावर. प्रत्येक तुळई माणसांच्या खांद्यावरून आली. ह्याच तुळयांच्या आतील वर्षवलयांनी पुढे इतिहासकारांना तारखा दिल्या: १९२९ साली ए. ई. डग्लस ह्या खगोलशास्त्रज्ञाने वलयांची साखळी वर्तमानापर्यंत जोडून दाखविली, आणि कोणती खोली कोणत्या वर्षाच्या लाकडाने छावली गेली हे सांगता येऊ लागले. लाकडाबरोबर इतरही पुष्कळ आले. मेक्सिकोकडील अरण्यांतले रंगीत मकाव पोपट आले, समुद्राचे शंख आले. आणि प्वेब्लो बोनितोच्या एका खोलीत रचून ठेवलेल्या उभट मडक्यांत काय असावे ह्याचा उलगडा २००९ साली झाला, तेव्हा तुकड्यांत सापडला तो काकाओचा अंश, म्हणजे शेकडो कोसांवरील उष्ण प्रदेशातून आलेल्या चॉकलेटचा. ह्या आवकजावकीसाठी त्यांनी तीस-तीस फूट रुंदीचे सरळ रस्ते आखले आणि कडा आडवा आला तर वळसा न घेता खडकात पायऱ्या खोदल्या.

११३० च्या सुमारास दीर्घ अवर्षण सुरू झाले आणि वस्ती विखुरली. येथले लोक गूढपणे लुप्त झाले असे लिहिण्याची जी एक प्रथा आहे ती सर्वथा चुकीची आहे. होपी, झुनी, ॲकोमा इत्यादी समाज आजही ह्या दरीला आपल्या पूर्वजांचे स्थान मानतात आणि वाट वाकडी करून तिथे येतात.

अमेरिकन सरकारच्या दप्तरात चाकोची सविस्तर नोंद झाली ती १८४९ च्या ऑगस्टमध्ये. कर्नल वॉशिंग्टन यांच्या फौजेबरोबर नवाहो ह्या मूळनिवासी समाजाच्या मुलखात निघालेल्या लेफ्टनंट जेम्स सिम्प्सन याने मोहिमेतून थोडी सवड काढून भग्नावशेषांची मापे घेतली, आणि त्याच्यासोबतच्या रिचर्ड कर्न ह्या चित्रकाराने त्यांची चित्रे काढली. त्या नोंदीचे मोल मोठे आहे. परंतु त्याच मोहिमेत, चाको सोडल्यावर अवघ्या काही दिवसांत, बोलणी करण्यास आलेला नवाहोंचा वृद्ध पुढारी नार्बोना सैनिकांच्या गोळीस बळी पडला, हेही त्याच पानावर लिहिले पाहिजे.

१८७७ साली छायाचित्रकार विल्यम हेन्री जॅक्सन आला. त्याने नव्या पद्धतीची फिल्म बरोबर आणली होती. दिवसचे दिवस कडेकपारी चढून त्याने छायाचित्रे घेतली आणि परत गेल्यावर पाहतो तो एकावरही प्रतिमा उमटलेली नव्हती. रसदेतली एक वस्तू दगा देते तेव्हा काय होते, ह्याचे याहून दुःखद उदाहरण मला ठाऊक नाही.

पुढे १८९६ पासून रिचर्ड वेदरिल ह्या पशुपालकाने न्यूयॉर्कच्या हाइड बंधूंच्या द्रव्यबळावर उत्खनन आरंभिले आणि आता रसदेचा ओघ उलटा फिरला: चार वर्षांत सुमारे १९० खोल्या उकरून निघालेल्या वस्तू न्यूयॉर्कच्या संग्रहालयाकडे रवाना झाल्या. वेदरिलने तर महागृहांसकट जमिनीवर वसाहतीचा हक्कही सांगितला. त्या प्रकाराविरुद्ध ओरड झाली, सरकारने उत्खनन थांबविले, १९०६ साली पुरावशेषांच्या रक्षणाचा कायदा झाला आणि ११ मार्च १९०७ रोजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या जाहीरनाम्याने चाको राष्ट्रीय स्मारक ठरले. वेदरिलने हक्क सोडला. १९१० साली तो गोळीने मारला गेला, आणि प्वेब्लो बोनितोजवळच त्याचे थडगे आहे.

प्वेब्लो बोनितोच्या पाठीशी कड्यापासून सुटलेली एक प्रचंड शिला उभी होती. तिचा धोका जुन्या बांधणाऱ्यांनी ओळखला होता. त्यांनी तिच्या पायथ्याला लाकडाचे आणि दगडाचे टेकू देऊन ठेवले होते, आणि त्या जागेचे नवाहो नावही त्या टेकूवरूनच पडले आहे. वस्ती उठल्यावरही सुमारे आठ शतके उभी राहून १९४१ च्या जानेवारीत ती शिला कोसळली आणि तिने तीसएक खोल्या चिरडल्या. ज्या भिंती वाचल्या आहेत त्यांच्या डागडुजीत नवाहो गवंड्यांच्या हातांचा वाटा फार मोठा आहे, आणि तो प्रवाशांनी जाणून घ्यावा.

भाच्याने जिथे मुक्काम ठरविला आहे तो गॅलोचा तळ ह्याच दरीत, एका कड्याच्या कुशीत आहे, आणि कड्याला लागूनच जुन्या घराच्या भिंती आणि दगडावर कोरलेल्या आकृती आहेत. महामार्ग सोडल्यावर तेथवरचा फाटा सुमारे २१ मैलांचा, आणि त्यातील सुमारे १३ मैल कच्चे, खाचखळग्यांचे. त्या वाटेवर राहणाऱ्या नवाहो कुटुंबांना पावसात जो त्रास सोसावा लागतो तो मी हलका लेखीत नाही. तथापि प्रवासी म्हणून जाणाऱ्याने रस्ता वाईट अशी कुरकुर करू नये, कारण त्या वाटेने गर्दी अडविली आहे, आणि रात्री तळावर दिवे मालवल्यावर जे आकाश दिसते ते पुष्कळसे तिच्यामुळेच उरले आहे.

तेव्हा जाणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे: गाडी ३५ फुटांहून लांब असेल तर तळावर जागा मिळणार नाही, वीज आणि नळाची जोडणी नाही, पिण्याचे पाणी फक्त माहिती केंद्रापाशी आहे. जागा आधी राखून ठेवा, टाक्या महामार्गावरच भरा, खापराचा तुकडा दिसला तर जिथल्या तिथे राहू द्या. आणि आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर चिखल वाळेपर्यंत एक दिवस थांबा.