थापटणे आणि आतला हात

मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून तेरला गोरोबाकाकांनी संतांच्या मस्तकी थापटणे चालवले आणि नामदेवरायांना कच्चे मडके ठरवले. 13व्या शतकातली ही कथा वारकऱ्याला पाठ असते. थापटण्याचे काम मात्र फार थोड्यांनी पाहिलेले. आपल्या दौंड-शिरूरकडे भीमा-घोडच्या काठी कुठे कुंभाराचे चाक फिरताना दिसले, तर घटकाभर बसावे. चाकावरून उतरलेले मडके जाड असते. ते अर्धवट सुकले की आतून दगडी गोळ्याचा आधार देऊन बाहेरून थापटतात. आधार जरा सरकला की मडके फाटलेच! हे तोंडाने शिकवता येत नाही, पोराचे दहा-वीस गोळे वाया जावे लागतात. कीर्तनात मार रंगतो, आतला हात सहसा राहून जातो. नामदेवरायांना तो पुढे औंढ्याला, विसोबा खेचरांपाशी मिळाला.