गोर्कीची 'आई' : कादंबरीतली आणि पडद्यावरची

कादंबरीवरून काढलेला चित्रपट पाहून मंडळी बाहेर पडली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : पुस्तकातले काय काय गाळले? प्रश्न गैर नाही, पण अपुरा आहे. काय बदलले, आणि त्या बदलाने कथेचे म्हणणेच कसे पालटले, हे तपासले तरच तुलनेला अर्थ येतो. नाहीतर ती नुसती गाळलेल्या प्रसंगांची यादी होते. मॅक्सिम गोर्कीची 'आई' ही कादंबरी आणि पुडोव्हकिनने १९२६ साली तिच्यावरून काढलेला त्याच नावाचा मूकपट ही जोडी आम्ही याच दृष्टीने श्रोत्यांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम मूळ घटना पाहू. व्होल्गाकाठच्या निझनी नोव्हगोरोद शहराजवळ सोर्मोवो ही कारखान्याची वस्ती. तेथे आगगाडीची इंजिने आणि जहाजे तयार होत. १९०२ सालच्या मे दिनी तेथील कामगारांनी मिरवणूक काढली. सैनिकांनी ती मोडली आणि निशाण घेऊन पुढे असलेला प्योत्र झालोमोव पकडला गेला. न्यायालयात त्याने बचावाऐवजी कामगारांच्या जिण्याची कैफियत मांडली. ते भाषण परदेशात छापल्या जाणाऱ्या 'इस्क्रा' पत्राने त्याच वर्षी प्रसिद्ध केले. त्याला सैबेरियात हद्दपार करण्यात आले. १९०५ साली तो तेथून निसटला, तो गोर्कीने पाठविलेल्या पैशाच्या मदतीने. त्याची आई आन्ना हीदेखील मुलाच्या चळवळीत कामाला लागलेली होती.

गोर्की निझनीचाच. १९०५ च्या क्रांतीला उतरती कळा लागल्यावर, १९०६ साली, तो अमेरिकेत गेला आणि तेथे ही कादंबरी त्याने लिहावयास घेतली. त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून ती एका अमेरिकन मासिकात इंग्रजीत क्रमशः येऊ लागली. रशियात मात्र सेन्सॉरने तिचे लचके तोडले, आणि संपूर्ण पुस्तक तेथे छापले जावयास १९१७ साल उजाडावे लागले. म्हणजे कादंबरी लिहिली गेली ती पीछेहाटीच्या दिवसांत, आणि चित्रपट निघाला तो क्रांती यशस्वी झाल्यानंतर नऊ वर्षांनी. हा काळाचा फरक पुढील प्रत्येक फरकाच्या मुळाशी आहे.

साम्य उघड आहे. दोन्हींत दारुडा, मारकुटा बाप आहे. मुकाट मार खाणारी आई निलोव्हना आहे. पावेल हा मुलगा आहे. आणि दोन्हींत आई शेवटी मुलाच्या कार्याशी एकरूप होते. पण ती तेथवर कोणत्या वाटेने पोचते?

कादंबरीतला बाप आरंभीच आजाराने मरतो. चित्रपटातला बाप दारूच्या लोभाने संपफोड्यांच्या टोळीत शिरतो आणि झटापटीत प्राणाला मुकतो. बाप एका बाजूला, मुलगा दुसऱ्या बाजूला, असा संघर्ष पडद्यावर घरातच उभा राहतो. मूकपटाला लांब संभाषणे परवडत नाहीत. जे बोलून सांगता येत नाही ते समोरासमोर उभे करूनच दाखवावे लागते.

खरा भेद आईच्या जागृतीत आहे. चित्रपटात पावेलने जमिनीच्या फळीखाली शस्त्रे लपविलेली आई पाहते. झडतीला आलेला अधिकारी सांगतो, की सारे कबूल केलेस तर मुलगा सुटेल. ती भाबडी बाई त्या शब्दावर विसंबते, स्वतःच्या हाताने शस्त्रे काढून देते, आणि तिच्या डोळ्यांदेखत पावेलच्या मुसक्या आवळल्या जातात. या एका घावाने ती जागी होते.

हा प्रसंग कादंबरीत नाही. तेथे आई हळूहळू शिकते. मुलाचे मित्र घरी येतात, ती चहा करता करता त्यांचे बोलणे ऐकते. चाळिशी गाठल्यावर लपूनछपून अक्षरे गिरविते. दलदल उपसण्याच्या नावाखाली मजुरीतून रुबलमागे एक कोपेक कापण्याचे व्यवस्थापक ठरवितो, त्यावरून तंटा होतो आणि पावेल पकडला जातो. त्याच्यामागे पत्रके थांबली तर ती वाटणारा तोच, हे आपोआप सिद्ध होणार! म्हणून आई जेवण विकणाऱ्या बाईची मदतनीस होऊन, कपड्यांखाली पत्रके दडवून, रोज कारखान्यात शिरते. भय तिला पुष्कळ वाटते, पण काम करता करता ते ओसरत जाते.

शेवटही असेच वेगळे. कादंबरीतला पावेल तुरुंगातून पळण्याची संधी नाकारतो, कारण त्याला न्यायालयात बोलावयाचे आहे. त्याच भाषणाच्या छापील प्रती पेटीत घेऊन निघालेली आई आगगाडीच्या स्थानकावर पकडली जाते आणि गर्दीत त्या उधळीत, बोलत बोलत शिपायांचा मार खाते. चित्रपटातला पावेल तुरुंगातून निसटतो, नदीवरच्या फुटत्या बर्फाच्या लाद्यांवरून उड्या मारीत मिरवणुकीला मिळतो आणि आईच्या मिठीत गोळीला बळी पडतो. आई निशाण उचलते आणि घोडदळाखाली तुडविली जाते. वितळणारा बर्फ आणि रस्त्यावरून पुढे सरकणारी माणसे यांची पुडोव्हकिनने घातलेली सांगड चित्रपटकलेच्या इतिहासात गाजली, ती योग्यच गाजली.

मग दोहोंत खरे कोणते? आयुष्यभर कारखान्यांच्या दारांवर द्वारसभा घेत आलेल्या आमच्यासारख्यांना दोन्हींची ओळख पटते. साहेबाच्या गोड शब्दावर विसंबून आपल्याच माणसाला अडचणीत आणणारा प्रामाणिक कामगार आम्ही पाहिला आहे. तो फितूर नसतो, भोळा असतो. हे सत्य चित्रपटाने कादंबरीपेक्षा धारदारपणे सांगितले, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु बर्फाच्या त्या रूपकात एक धोका आहे. ऋतू पालटला की बर्फ आपोआप फुटतो. त्याला कोणाची वर्गणी लागत नाही, की कोणाची पायपीट लागत नाही. विजयानंतर मागे वळून पाहणाऱ्याला इतिहास असाच, जणू ठरल्या वेळी वसंत आल्यासारखा दिसतो. १९०६ साली गोर्कीपुढे हा दिलासा नव्हता. म्हणून त्याने अक्षरे गिरविणारी बाई रंगविली. क्षणात पेटणारी माणसे चळवळीला हवीतच. पण दुसऱ्या दिवशीही पत्रके आत पोचविणारे कोणीतरी लागते. पडदा आपल्याला पहिले माणूस दाखवितो, पुस्तक दुसरे. आधी चित्रपट पाहावा आणि मग पुस्तक वाचावे, अशी आमची शिफारस आहे.